एकट्याचा गायकवृंद : आर. स्टीव्ही मूर यांची घरगुती संगीतसृष्टी

आपल्याकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांपैकी जिम रीव्ह्ज हे नाव ज्याला ठाऊक नाही, असे घर विरळाच. डिसेंबर लागला की कपाटाच्या वरच्या खणातली ती लाँग प्ले तबकडी खाली यायची. पुढे तिची जागा कॅसेटने घेतली. एकीकडे गव्हाणीची सजावट चाललेली असायची आणि दुसरीकडे त्या खर्जातल्या, मृदू, जराही घाई नसलेल्या आवाजात नाताळची गीते घरभर पसरत असायची. 'ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस' हा रीव्ह्ज यांचा संग्रह १९६३ सालचा. पुढच्याच वर्षी, ३१ जुलै १९६४ रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी विमान अपघातात त्यांचे निधन झाले. परंतु त्यांचा आवाज मात्र आपल्या घरांत नंतरही अनेक वर्षे नांदत राहिला.

याच रीव्ह्ज यांचे 'बट यू लव्ह मी, डॅडी' या नावाचे एक गीत आहे. ते ध्वनिमुद्रित झाले १९५९ मध्ये. रीव्ह्ज यांच्या पश्चात, १९६९ मध्ये, त्याने ब्रिटनमधील लोकप्रिय गीतांच्या यादीत पहिल्या वीसांत स्थान मिळवले. या गीतात रीव्ह्ज यांच्या धीम्या स्वराच्या जोडीला सात वर्षांच्या एका मुलाचा आवाज ऐकू येतो. त्या मुलाचे पुढे काय झाले, हा प्रश्न गीत ऐकताना आपल्यापैकी फारशा कोणाला पडला असेल असे वाटत नाही. बालकलाकारांचे आवाज असेच येतात आणि विरून जातात.

हा आवाज मात्र विरला नाही. तो मुलगा म्हणजे स्टीव्ही मूर. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे १८ जानेवारी १९५२ रोजी त्याचा जन्म झाला. मोठेपणी आर. स्टीव्ही मूर हे नाव धारण करून त्यांनी चारशेहून अधिक गीतसंग्रह निर्माण केले. त्यांतील फार मोठा भाग त्यांनी राहत्या घरीच, एकट्याने ध्वनिमुद्रित केला आहे. गिटार त्यांची, बेस त्यांचा, ड्रम त्यांचे, पियानो त्यांचा, मुख्य स्वर त्यांचा आणि मागची साथही त्यांचीच. त्यात गोड चालीची प्रेमगीते आहेत, ग्रामीण अमेरिकेची कंट्री गीते आहेत, जाझ आहे, रॉक आहे, पंकचा आरडाओरडा आहे, रेडिओवरील निवेदनांच्या नकला आहेत, आणि ज्याला संगीत म्हणावे की नुसता आवाज, असा संभ्रम पडावा असे ध्वनींचे प्रयोगही आहेत.

चारशे संग्रह! हा आकडा ऐकला की प्रथम आदर वाटतो आणि पाठोपाठ शंका येते. ज्याने इतके केले, त्याने निवडले काय आणि टाकले काय? कला म्हणजे निवड, असे आपण मानत आलो आहोत. मग ज्याने काहीच टाकले नाही, त्याला कलावंत म्हणावे की केवळ संग्राहक? मूर यांच्या संगीताचा विचार करताना या प्रश्नाला बगल देता येत नाही. किंबहुना त्यांच्या संगीताचे मर्म आणि त्याची मर्यादा, दोन्ही याच प्रश्नात दडलेली आहेत, असे मला वाटते.

त्यासाठी प्रथम त्यांच्या घराकडे वळले पाहिजे. स्टीव्ही यांचे वडील बॉब मूर (१९३२–२०२१) हे नॅशव्हिलमधील अग्रगण्य बेसवादक होते. 'ए-टीम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोजक्या स्टुडिओ-वादकांपैकी ते एक. पॅट्सी क्लाईन यांचे 'क्रेझी', रॉजर मिलर यांचे 'किंग ऑफ द रोड' अशा गाजलेल्या गीतांत जो बेस ऐकू येतो तो त्यांचा. रॉय ऑर्बिसन आणि एल्विस प्रेस्ली यांच्याही ध्वनिमुद्रणांत त्यांनी साथ केली. आयुष्यात सुमारे सतरा हजार ध्वनिमुद्रण-बैठकांत त्यांनी भाग घेतला, असे सांगितले जाते. १९६१ मध्ये 'मेक्सिको' ही त्यांच्या स्वतःच्या वाद्यवृंदाची धून अमेरिकेतील यादीत पहिल्या दहांत पोहोचली, हा अपवाद. एरव्ही त्यांचे काम पडद्यामागचे.

नॅशव्हिलमधील या कामाची एक शिस्त होती. एक बैठक तीन तासांची आणि तेवढ्या वेळात तीन-चार गीते पुरी करायची. स्वरलिपीचे कागद पसरण्याऐवजी प्रत्येक स्वरसंघाला एक आकडा देऊन वादक आपापली टिपणे करीत. त्यामुळे गायकाच्या सोयीसाठी पट्टी बदलली तरी आकडे तेच राहत. कोणी चुकले की सर्वांना पुन्हा वाजवावे लागे. म्हणून कोणी चुकत नसे. गाणे दुसऱ्याचे, नाव दुसऱ्याचे, वेळही दुसऱ्याचा. आपण मात्र अचूक असायचे आणि दिसायचे नाही, हा त्या व्यवसायाचा धर्म.

आपल्या वाचकांना हे चित्र अपरिचित वाटू नये. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती वादकांनी आणि संयोजकांनी हेच केले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी ज्या गीतांना वाद्यवृंदाचे वैभव दिले, त्या गीतांच्या तबकड्यांवर त्यांची नावे शोधूनही सापडत नसत. बॉब मूर हे त्याच जातकुळीतले कारागीर होते. फरक एवढाच की ते नॅशव्हिलचे होते.

अशा घरात वाढलेल्या मुलापुढे वाट आखलेली होती. पण १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत आले, तेव्हा स्टीव्ही बारा वर्षांचा होता. गाणे लिहिणारे, वाजवणारे आणि गाणारे एकच असू शकतात, हे त्या पिढीला बीटल्सनी दाखवून दिले. वडिलांच्या व्यवसायात या तीन कामांसाठी तीन वेगळी माणसे लागत. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा मुलगा आई-वडिलांच्या घरी टेपरेकॉर्डर घेऊन बसला आणि त्याने तिन्ही कामे एकाच माणसावर सोपवली. तो माणूस म्हणजे तो स्वतः.

ही घरगुती पद्धत समजून घेतल्याशिवाय मूर यांचे संगीत नीट ऐकता येणार नाही. म्हणून थोडा तपशील देतो. मोठ्या स्टुडिओत रुंद फितीवर अनेक समांतर पट्टे असतात. प्रत्येक वाद्य वेगळ्या पट्ट्यावर उतरते आणि कोणते किती मोठे ऐकू यावे हे मागाहून ठरवता येते. मूर यांच्याजवळ आरंभीच्या काळात ही सोय नव्हती. होते ते घरगुती वापराचे साधे टेपरेकॉर्डर. त्यांवर काम करायचे तर आधी एका यंत्रावर, समजा, ड्रम वाजवून घ्यायचे. मग ते ड्रम चालू ठेवून त्यांच्या जोडीला गिटार वाजवायची आणि दोन्ही एकत्र दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्यायची. मग दुसऱ्या यंत्रावरची फीत चालू ठेवून तिच्यासोबत गायचे आणि हे सारे पुन्हा पहिल्या यंत्रावर. असे थरावर थर चढत जातात.

या पद्धतीला दोन दंड भरावे लागतात. प्रत्येक नकलेबरोबर फितीची सरसर वाढत जाते आणि आधीचे थर किंचित मंद, धूसर होत जातात. सर्वांत आधी वाजवलेला ड्रम शेवटी भिंतीपलीकडून यावा तसा ऐकू येतो. दुसरा दंड अधिक कडक आहे. एकदा दोन ध्वनी एकत्र उतरले की ते वेगळे करता येत नाहीत. गिटार जरा मोठी झाली असेल तर ती तशीच राहणार. भिंतीला शेणामातीचा लेप द्यावा आणि खालचा थर पुन्हा हाताला लागू नये, तसे हे काम आहे. म्हणजे जो संगीतकार वरवर स्वैर वाटतो, त्याला पहिला थर देतानाच शेवटच्या थराचा अंदाज बांधून ठेवावा लागे. वडिलांची शिस्त मुलाने टाकून दिली असे जे दिसते, ते पूर्णतः खरे नाही. त्याने ती घरी आणली आणि तिला एकट्याच्या हिशेबात बसवले.

घरात एकट्याने संगीत करण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हे. गिटारवादक लेस पॉल यांनी १९४० च्या दशकातच आपल्या घरी ध्वनीवर ध्वनी चढवण्याचे प्रयोग केले होते. १९५१ सालचे 'हाऊ हाय द मून' हे त्यांचे आणि मेरी फोर्ड यांचे गीत त्यांतूनच आले. १९७० मध्ये पॉल मॅकार्टनी यांनी स्वतःच्या नावाचा संग्रह बव्हंशी घरीच, सारी वाद्ये आपणच वाजवून तयार केला. १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी न्यू जर्सीतील घरी कॅसेटच्या यंत्रावर केलेली मुद्रणे 'नेब्रास्का' या नावाने जशीच्या तशी प्रसिद्ध झाली. परंतु या सर्वांच्या पाठीशी मोठ्या कंपन्या होत्या. त्यांच्यासाठी घर हा एक मुक्काम होता. मूर यांच्यासाठी घर हीच संपूर्ण वाट झाली.

त्यांचे ज्या संग्रहामुळे नाव झाले तो 'फोनोग्राफी' १९७६ मध्ये निघाला. हॅरी पामर या त्यांच्या न्यू जर्सीतील नातलगाने पुढाकार घेऊन त्याच्या केवळ शंभर प्रती काढल्या. मधल्या दोन-तीन वर्षांत नॅशव्हिलच्या घरी साठलेल्या फितींतून ही निवड करण्यात आली होती. प्रकाशाने लिहिणे म्हणजे जर छायालेखन, तर हे ध्वनीने केलेले लेखन, असा या नावाचा एक अर्थ लावता येतो. तो सार्थही आहे. कारण हा संग्रह गीतांच्या माळेपेक्षा रोजनिशीच्या पानांशी अधिक नाते सांगतो.

त्याची सुरुवातच 'मेलबर्न' या शब्दविरहित वाद्यरचनेने होते. वाद्यांचा भरदार, जवळजवळ सोहळ्यासारखा थाट. आता काही भव्य ऐकायला मिळणार अशी अपेक्षा निर्माण होते न होते, तोच 'एक्स्प्लनेशन ऑफ आर्टिस्ट' म्हणजे 'कलावंताचे स्पष्टीकरण' हा बोलण्याचा तुकडा येऊन ती मोडतो. पुढे 'गुडबाय पियानो' हे चालीचे गीत आणि त्यापाठोपाठ 'श्रोत्याचे स्पष्टीकरण'! कलावंताने स्वतःची ओळख करून द्यावी हे समजू शकते. पण श्रोत्याचेही स्पष्टीकरण देणारा हा गृहस्थ विनोदाच्या मिषाने एक गंभीर गोष्ट सुचवतो. ऐकणारा असल्याशिवाय ही फीत अपुरी आहे, हे त्याला पक्के ठाऊक आहे. या जाणिवेकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

याच संग्रहात 'आय हॅव बिगन टू फॉल इन लव्ह' सारखे सरळ प्रेमगीत आहे, 'शी डोंट नो व्हॉट टू डू विथ हरसेल्फ' सारखे धावते रॉक आहे, आणि अमेरिकेतील घराघरांत पाहिल्या गेलेल्या अँडी ग्रिफिथ यांच्या दूरदर्शन मालिकेची शीर्षकधूनही आहे. 'आय विश आय कूड सिंग', म्हणजे 'मला गाता आले असते तर', या नावाचे गीत असा माणूस गातो आहे, ज्याला उत्तम गाता येते आणि ज्याने सातव्या वर्षी जिम रीव्ह्ज यांच्यासोबत गायले आहे. या नावातील उपरोध आणि खंत वेगळी काढता येत नाही. ज्या शहरात गाता येणे म्हणजे कंपनीचा करार मिळणे, तिथे करार नसलेल्याला आपल्या गाता येण्याविषयीच शंका वाटू लागते.

अनेक प्रकारांचे मिश्रण हे मूर यांचे वैशिष्ट्य म्हणून नेहमी सांगितले जाते. 'मिश्रण' हा शब्द मला तितकासा पटत नाही. सर्व रस एकत्र घोटून एक नवा रस काढणे हा त्यांचा मार्ग नव्हे. एकाच घरातील वेगवेगळ्या खोल्यांची दारे उघडी असावीत आणि एका खोलीतील बोलणे दुसऱ्या खोलीत ऐकू यावे, तसे त्यांच्या संगीतात होते. कंट्री गीताचा अंतरा संपतो न संपतो तोच बीचबॉइजच्या धर्तीचे गोड आवाजांचे पुंजके येतात. त्यांतून बाहेर पडावे तर कोणी रेडिओचा निवेदक घशाला पीळ देऊन बोलत असतो. हे सारे आवाज मूर यांनी बालपणापासून घरात आणि रेडिओवर ऐकलेले आहेत. सामान्य माणसाच्या कानात ते असेच एकत्र नांदत असतात. ज्या कंपन्या संगीत विकतात, त्यांना ते वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवावे लागते. कानाला लागत नाही. मूर यांनी दुकानाची मांडणी नाकारली आणि कानाची मांडणी स्वीकारली, असे फार तर म्हणता येईल.

१९७८ मध्ये मूर नॅशव्हिल सोडून न्यू जर्सीत राहायला आले. पुढची तीसहून अधिक वर्षे त्यांचे वास्तव्य तिकडेच होते. उदरनिर्वाहासाठी त्यांनी ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात नोकरी केली. श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या डब्ल्यू.एफ.एम.यू. या रेडिओ केंद्रावर कार्यक्रमही केले. आणि रात्री, सुट्टीच्या दिवशी, जमेल तेव्हा फिती भरत राहिले. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी 'कॅसेट क्लब' सुरू केला. या नावाने कोणा मोठ्या संस्थेची कल्पना करू नये. ही संस्था म्हणजे एक माणूस, दोन यंत्रे आणि टपाल. कोणी यादीतून एखादा संग्रह मागवला की मूर स्वतः त्याची नकल उतरवीत, वेष्टन तयार करीत, पत्ता लिहीत आणि टपालात टाकीत. एक कॅसेट एका माणसासाठी. पुढे कॅसेटची जागा संगणकावर भरलेल्या तबकड्यांनी घेतली आणि नंतर इंटरनेटने. तरी पद्धत तीच राहिली.

या पद्धतीचा संगीतावर झालेला परिणाम समीक्षकांनी पुरेसा लक्षात घेतला आहे असे वाटत नाही. कंपनी जेव्हा तबकडी काढते, तेव्हा हजारो प्रती खपल्या पाहिजेत असा तिचा हिशेब असतो. म्हणून बारा गीते निवडली जातात आणि बाकीची बाजूला पडतात. जिथे एक प्रतही पुरते, तिथे बाजूला टाकण्याचे कारणच उरत नाही. म्हणून मूर यांची विपुलता हा केवळ स्वभावाचा भाग नाही. कॅसेट या स्वस्त साधनाने ती शक्य केली. आपल्याकडेही त्याच दशकात कॅसेटने बोलीभाषांतील आणि छोट्या समाजांतील गीतांना पहिल्यांदा दार उघडून दिले, हे ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना आठवत असेल.

आता दोषांकडे वळले पाहिजे, आणि ते दोष लहान नाहीत.

मूर यांच्या संग्रहांतून काही काळ सलग फिरले की थकवा येतो. चांगल्या चालीच्या शेजारी अर्धवट सोडलेली चाल असते. नेटक्या गीतानंतर पोरकट नकला येतात. काही विनोद सभ्य अभिरुचीला न रुचणारे आहेत, ते घरात सर्वांसमक्ष लावण्याजोगे नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. एखादी सुरेख कल्पना दोन मिनिटांत सोडून दिलेली पाहून हळहळ वाटते. हिला कोणी आणखी आठ दिवस दिले असते तर! परंतु आठ दिवसांनी तिथे दुसरे गीत उभे असते. रोजनिशी लिहिणारा कालचे पान सुधारत बसत नाही. रोजनिशीचा हा गुण गीताच्या बाबतीत दोष ठरतो, कारण गीत पुन्हा पुन्हा ऐकले जावे यासाठीच असते.

माझ्या मते या दोषाचे मूळ आळसात किंवा अहंकारात नाही. ते त्या एकटेपणात आहे. आपल्या धर्मग्रामातील गायकवृंदाचे उदाहरण घेऊ. टेनर गाणाऱ्याला आल्टोचा आवाज ऐकू येत असतो. कोणी किंचित चढले तर दुसरा सावरून घेतो. एकाचा श्वास संपला तर शेजारचा स्वर धरून ठेवतो. गायकवृंदाचे प्रमुख हात खाली घेतात तेव्हा आपला आवाज कितीही गोड लागला असला तरी थांबावे लागते. या सर्व तडजोडींतून जे तयार होते त्याला आपण स्वरमेळ म्हणतो. मूर यांच्या फितीवरही चार-चार आवाज एकत्र गातात, आणि सुरात गातात. परंतु पहिला आवाज जेव्हा गायला गेला तेव्हा दुसरा अस्तित्वातच नव्हता. पहिल्याला दुसऱ्याची चाहूल नाही. सावरून घेण्याचे काम नेहमी नंतर आलेल्यानेच करायचे. आणि थांब, असे सांगणारे त्या खोलीत कोणीच नाही. बॉब मूर यांच्या जगात सांगणारे फार होते, मुलाच्या जगात एकही नव्हता. एकीकडे वादकाचे नाव पुसले जाते, दुसरीकडे एकाच नावाखेरीज काही उरत नाही. मला या दोन्ही टोकांत उणेपण दिसते.

मग हे संगीत ऐकावे का? निःसंशय ऐकावे. याचे कारण त्या उणेपणातच सापडते. मूर यांच्या उत्तम गीतांत, विशेषतः जिथे ते स्वतःच्याच आवाजाला साथ करतात तिथे, आनंदी चालीतही एक हुरहूर असते. ती शब्दांनी आणलेली नाही. ती त्या थरांनी आणलेली आहे. तासाभरापूर्वीचा स्वतःचा आवाज पुसट होत चाललेला आणि त्याच्या सोबतीला आताचा आवाज उभा राहिलेला, असे काहीसे आपण ऐकत असतो. फितीची सरसर प्रथम खटकते. पण सवय झाल्यावर त्या खोलीतील हवा जाणवावी तशी ती जाणवू लागते. जिम रीव्ह्ज ध्वनिक्षेपकाच्या अगदी जवळ जाऊन हलक्या आवाजात गात, आणि म्हणून ते आपल्याच दिवाणखान्यात बसून गात आहेत असे वाटे. ती जवळीक खरी असली तरी ती स्टुडिओत, निष्णात वादकांच्या आणि तंत्रज्ञांच्या साहाय्याने घडवलेली होती. ज्या मुलाने ती जवळीक सातव्या वर्षी शेजारी उभे राहून पाहिली, त्याने मोठेपणी दिवाणखाना खराखुरा आणला. त्यात खुर्ची सरकल्याचा आवाज येण्याचीही मुभा ठेवली.

आणि निवडीचे काय? येथे त्या 'श्रोत्याच्या स्पष्टीकरणा'ची आठवण होते. मूर यांनी निवड केली नाही. ती त्यांच्या श्रोत्यांनी केली. 'फोनोग्राफी'ची पहिली हालचाल एका नातलगाने केली. १९८४ मध्ये न्यू रोज या फ्रेंच कंपनीने त्यांच्या साठ्यातून निवडक गीतांच्या दोन तबकड्यांचा संच काढला. पुढच्या पिढीतील एरियल पिंक या घरीच संगीत करणाऱ्या गायकाने मूर यांना आपले गुरू मानले आणि त्यामुळे नव्या श्रोत्यांचे लक्ष त्यांच्याकडे वळले. २०११ मध्ये, एकोणसाठाव्या वर्षी, तरुण वादकांना बरोबर घेऊन मूर यांनी अमेरिकेत आणि युरोपात दौरे केले. आयुष्यभर एकट्याने जे थर रचले, ते आता चार माणसे एकाच वेळी, एकमेकांकडे पाहत वाजवू लागली. २०१७ मध्ये जेसन फॉकनर यांच्यासमवेत केलेला 'मेक इट बी' हा संग्रह या दृष्टीने मुद्दाम ऐकण्यासारखा आहे. त्यात मूर यांचा खट्याळपणा आहे, उड्या आहेत, पण शेजारी दुसरा कान आहे. गीते अधिक नेटकी झाली आहेत आणि तरी ती मूर यांचीच राहिली आहेत. दुसरा माणूस आला म्हणून पहिल्याचे स्वत्व हरवते, ही भीती निराधार असल्याचे हा संग्रह दाखवून देतो.

म्हणून माझा निष्कर्ष असा. निवड हे कलेचे आवश्यक अंग आहे, परंतु ती निर्मात्यानेच केली पाहिजे असे नाही. काही कलावंतांचे काम देत राहण्याचे असते. वेचण्याचे काम समाजाने करायचे असते. मूर यांच्याबाबतीत हे वेचणे फार उशिरा आणि फार थोड्यांनी केले. त्याचा तोटा त्यांना झाला तसा त्यांच्या संगीतालाही झाला. पंचविसाव्या वर्षी एखादा फॉकनर भेटता, तर चारशे संग्रहांचे तीनशे झाले असते आणि त्यांत टिकणारी गीते अधिक असती, असे मला वाटते. पण हेही तितकेच खरे की कोणी भेटेल म्हणून ते थांबून राहिले असते, तर एकही झाला नसता.

या संगीताकडे प्रथमच वळणाऱ्याने सर्व संग्रहांच्या मागे लागू नये. 'फोनोग्राफी' एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावा, मधले बोलण्याचे तुकडे न गाळता. मग 'मेक इट बी' ऐकावा. दोहोंच्या मध्ये चाळीस वर्षांचे अंतर आहे. तेवढ्याने हा माणूस कळतो. आणि शक्य झाल्यास त्यानंतर जिम रीव्ह्ज यांचे ते जुने गीत पुन्हा लावावे. त्यातला मुलाचा आवाज आता निनावी वाटणार नाही.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे सारखी एक पेटी येत राहिली. आमच्या मामांनी नाताळासाठी, लग्नांसाठी, कोणाच्या दीक्षाविधीसाठी गीते रचली, पेटीवर बसवली आणि एका जुन्या टेपरेकॉर्डरवर भरून ठेवली. वेष्टनांवर त्यांच्या वळणदार अक्षरात तारखा आहेत. ती गीते थोर असतील असा माझा दावा नाही. थोर आहेत की नाहीत हे ठरवायला ती कोणी ऐकायला तर हवीत. फीत कोरड्या जागी ठेवली तरी वर्षागणिक मंद होत जाते. आपल्या वाड्या-आळ्यांतून अशा किती पेट्या असतील, आणि त्यांच्यातले वेचायला कोणी बसले आहे काय?